तुम्ही विचारलंत म्हणून: मी असोसिएशन का सोडली

"वहिनी, तुम्ही होतात तोवर सगळं नीट चाललं होतं. परत या ना कमिटीत." हे मी जिन्यात ऐकते, भाजीवाल्यापाशी ऐकते, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेताना ऐकते. आता तर नवीन राहायला आलेली मुलंही म्हणायला लागली आहेत. मी दर वेळी गुडघ्यांचं नाव पुढे करते. गुडघे दुखतात हे खरं, पण कारण ते नाही. म्हणून आपल्या इमारतीच्या असोसिएशनचं सेक्रेटरीपद मी का सोडलं, ते एकदाच लिहून टाकते.

पैशांचे आरोप झाले म्हणून मी सोडलं नाही. 2015 साली सिडकोच्या मोडकळीला आलेल्या घरांना अडीच एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या अडीचपट बांधकामाची परवानगी, मंजूर झाला आणि वाशीत गल्लोगल्ली बिल्डरची माणसं फिरायला लागली. तेव्हा मी कुणाकडून काय घेतलं याच्या गोष्टी ज्यांनी पसरवल्या, त्यांच्यासमोर पावतीपुस्तकं आणि पासबुक दोन्ही उघडून ठेवली होती. मीटिंगमध्ये आवाज चढले म्हणूनही नाही. टाक्यांची सफाई, मेंटेनन्सची थकबाकी, वॉचमन न सांगता गावी गेला की गेटवर कोण बसणार, चेंबरची फुटकी झाकणं, या कशाचा मला कधी वीट आला नाही. मला ते काम आवडायचं. आजही कुणाच्या घरी लिकेज झालं की माझा जीव राहत नाही, वर जाऊन बघून येते.

मी सोडलं ते आबांमुळे.

जुन्यांना आबा सांगायला नकोत. नव्यांसाठी एवढंच, की ते तळमजल्यावर राहायचे. मूळचे साताऱ्याकडचे, पाटण तालुक्यातले. मसाला मार्केटमध्ये माथाडी होते. पोती वाहून घेतलेलं ते घर.

वरच्या मजल्यावर स्वयंपाकघराच्या छताचा मोठा पोपडा कोसळला, तेव्हा नशिबाने खाली कुणी नव्हतं. सळ्या उघड्या पडल्या होत्या. मग मी ऑडिटचा धोशा लावला. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यायचं हे महापालिका कायद्यातच आहे, कलम 265 अ. इंजिनिअर आले, प्रत्येक घरात फिरले. त्यांनी समजावून सांगितलं, की लोखंड गंजलं की फुगतं, गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते आणि तो काँक्रीटला आतून फोडतो. खाडीची खारी हवा, त्यात संडास-बाथरूमची गळती, म्हणजे मग विचारायलाच नको. हातोडीने कॉलम ठोकून दाखवायचे. चांगल्या जागी टणक आवाज यायचा, सुटलेल्या जागी बद्द.

आबांच्या हॉलमधल्या कोपऱ्यातल्या कॉलमवर विठोबाची तसबीर होती. आबांनी ती स्वतः उतरवली, धोतराच्या सोग्याने पुसून कॉटवर ठेवली. इंजिनिअरने ठोकलं. बद्द. आबा म्हणाले, "पुन्यांदा वाजवा." पुन्हा ठोकलं. त्यांनी स्वतः हातोडी मागून घेतली, जरा वर, जरा खाली, तीनचार जागी ठोकून बघितलं आणि काही न बोलता परत दिली.

अहवाल सी-2 ए आला. म्हणजे इमारत रिकामी करून दुरुस्ती. रिडेव्हलपमेंट असती तर बिल्डरने भाडं दिलं असतं, पण त्यावर आपल्यात दोन तट पडलेले, ते तुम्हाला माहीतच आहे. दुरुस्तीत वर्गणीही आपली आणि बाहेरचं भाडंही आपलंच. "अहवाल सध्या दाबून ठेवा, पावसाळा जाऊ दे," असं मला सांगणारी माणसं कमिटीतच होती. मी सही करून तो महापालिकेत दिला.

नोटिसा लागल्या त्या संध्याकाळी आबा कागद घेऊन वर आले.

"वहिनी, खालची सही तुमचीच हाय न्हवं?"

"हो आबा."

"मंग तुमीच सांगा, आमी जायचं कुटं? पोराच्या पगारात दोन घरं कशी चालायची?"

मी हप्त्यांचं बोलले, कर्जाचं बोलले. ते ऐकत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. कागदाची चौघडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "तुमचं बी बरोबरच हाय." काम सुरू व्हायच्या आधीच त्यांनी मिळेल त्या भावात घर विकलं आणि गाव गाठलं. नंतर मी फोन केला तेव्हा त्यांनी स्लॅबचं काम कसं झालं ते विचारलं. त्यानंतरचे माझे फोन उचलले गेले नाहीत.

माझ्यातल्या ज्या बाईने पहिल्यांदा सेक्रेटरीपद घेतलं, तिची समजूत होती की कागद चोख ठेवले की कुणावर अन्याय होत नाही. ती मला अजून दरडावते: स्लॅब कोसळून कुणाचा जीव गेला असता तर? तिचं खरं आहे. ती सही मी आजही करीन. पण मग आबा घर सोडून गेले ते कुणाच्या खाती? मी सर्वसाधारण सभेत म्हटलं होतं, की ज्यांना झेपत नाही त्यांच्या भाड्यासाठी सगळ्यांनी मिळून फंड काढू, दुरुस्ती झाल्यावर सावकाश फेडू देत. हात किती वर झाले ते आठवतं का कुणाला? आज मला परत बोलावणारे बरेच जण त्या सभेला समोरच बसले होते. हे मी कधी बोलून दाखवलं नव्हतं. तुमच्याही घरांत म्हातारी माणसं होती, शाळांच्या फिया होत्या, हे मला कळत नव्हतं असं नाही. तरी राग जात नाही, आणि मी तो घालवायचा प्रयत्नही करत नाही.

कमिटीने सही करायची आणि निस्तरायचं मात्र ज्याचं त्याने, ही पद्धत बदलल्याशिवाय मी त्या खुर्चीत बसणार नाही. कदाचित हा माझा हट्ट असेल. धाकटी जाऊ म्हणते, तुम्ही आत असतात तर पद्धत बदलली असती. असेलही.

हिशेब तपासायला बोलवा, येईन. गच्चीचं वॉटरप्रूफिंग मे महिन्यातच उरकून घ्या, कंत्राटदाराशी बोलायला माझी ना नाही. आणि येत्या सभेत नवा सेक्रेटरी निवडाल, तेव्हा विषयपत्रिकेवर तो भाड्याचा फंड पहिल्या नंबरवर घ्या, निवडणुकीच्या आधी.