तुम्ही विचारलंत म्हणून: ‘आपल्याकडं कवा येते थे?’

आमच्या गावात बस थांबते तिथं एक पानटपरी आहे. खर्रा मी खात नाही, पण पेपर तिथंच येतो, म्हणून सकाळचा अर्धा तास माझा मुक्काम तिथल्या बाकावर. नागभीड तालुक्यातल्या एका हायस्कुलात एकतीस वर्षं विज्ञान शिकवून २०२१ मध्ये निवृत्त झालो, तरी या बाकावरचा तास काही सुटलेला नाही. टपरीवाला पन्नीत सुपारी घोटता घोटता विचारतो, “गुरुजी, आज काय निघालं नवीन?” मी सांगतो. मग सांगितलेलं काहीही असो, बाकाच्या दुसऱ्या टोकाकडून ठरलेला प्रश्न येतोच: “मंग आपल्याकडं कवा येते थे?”

पुण्यात नोकरीला असलेले जुने विद्यार्थी फोनवर हाच प्रश्न जरा शुद्ध भाषेत विचारतात. परवा तुम्हीही विचारलंत. म्हणून लिहायला बसलो.

पूर्वी मी ठोकून द्यायचो, “येईल दहा वर्षांत.” ऐकणाऱ्याचं समाधान व्हायचं, माझीही सुटका व्हायची. मग एका पावसाळ्यात एसटीची वाट पाहताना लक्षात आलं की गाडी आली नाही तर आपले लोक ‘कवा येते’ फार वेळ विचारत बसत नाहीत, ‘कुठं अडली’ विचारतात. टायर पंक्चर असेल तर थांबायचं, नाल्याला पूर असेल तर घरी जायचं, आणि गाडी डेपोतून सुटलीच नसेल तर कुणाच्या तरी मोटारसायकलीवर मागं बसायचं. तेव्हापासून शोधाची बातमी वाचली की मी हेच पाहतो. अडलंय कुठं?

ही सवय लागायला एक फजितीही कारणीभूत आहे. जुलै २०२३ च्या शेवटी दक्षिण कोरियातल्या एका चमूने जाहीर केलं की शिसं, फॉस्फेट आणि थोडं तांबं यांपासून त्यांनी एक पदार्थ केलाय, एलके-९९, आणि त्यातून नेहमीच्या तापमानाला वीज बिनविरोध वाहते. (आमच्या ग्रामपंचायतीत अजून काही बिनविरोध झालेलं नाही, म्हणून मला फारच कौतुक.) चुंबकावर अधांतरी उभ्या राहिलेल्या खड्याचा व्हिडिओ पोरांनीच मला पाठवला. १५ ऑगस्टला जुन्या शाळेत झेंडावंदनाला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. मी माईकवरून सांगून मोकळा झालो की तारांमधली वीजगळती आता इतिहासजमा होणार. दुसऱ्याच दिवशी, १६ तारखेला, ‘नेचर’ या विज्ञान-साप्ताहिकाने लिहिलं की हा अतिवाहक, म्हणजे विजेला विरोधच न करणारा पदार्थ, नव्हेच. नमुन्यात कॉपर सल्फाइडची भेसळ राहिली होती आणि ते साधारण १०४ अंशाला आपली रचना बदलतं. विरोध एकदम घसरलेला दिसला तो त्यामुळं. ही गाडी डेपोतून सुटलीच नव्हती. टपरीवर महिनाभर माझं नाव ‘बिनविरोध गुरुजी’ होतं.

आता हवेतल्या पाण्याचं. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना मिळालं. धातूचे अणू खांबांसारखे आणि कार्बनी रेणू त्यांना जोडणाऱ्या बल्ल्यांसारखे, असे पोकळ स्फटिक त्यांनी घडवले. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना एमओएफ म्हणतात. आत खोल्याच खोल्या. त्यातला एमओएफ-५ नावाचा पदार्थ दोन-तीन ग्रॅम घेतला तर त्याच्या आतल्या भिंतींचं क्षेत्रफळ फुटबॉलच्या मैदानाएवढं भरतं.

मला यातल्या रॉबसन यांचा जरा हेवा वाटतो. १९७४ मध्ये ते मेलबर्नला विद्यार्थ्यांसाठी लाकडी गोळ्यांचे रेणू करवून घेत होते. काड्या खोचायला गोळ्यांत भोकं कुठं पाडायची हे ठरवताना त्यांच्या मनात आलं की रेणूचा सगळा आकार तर या भोकांच्या जागेतच लिहिलेला आहे. मग खरे अणू असेच एकमेकांत खोचले तर? त्यावरचा पहिला निबंध आला १९८९ मध्ये. मीही चिकणमातीचे गोळे आणि बांबूच्या काड्या घेऊन वर्षानुवर्षं मिथेन करत आलो. भोकं तीच. माझ्या डोक्यात तेवढं काही आलं नाही.

याघींचं बालपण अम्मानमधल्या निर्वासित कुटुंबात गेलं, आणि तिथं नळाला पाणी ठरलेल्या दिवशी काही तासच यायचं. त्यांच्या आणि एमआयटीच्या चमूने २०१७ मध्ये असा पदार्थ दाखवला की हवेत २० टक्के आर्द्रता असली तरी तो रात्री वाफ शोषतो आणि दिवसा उन्हानं तापला की सोडतो. दर किलोमागं दिवसाला २.८ लिटर पाणी देण्याची त्याची कुवत त्यांनी मांडली.

“मंग टँकर बंद होईन न जी?” बाकावरून लगेच.

हिशोब बाकावरच केला. मे महिन्यात एक बैल दिवसाला चाळीसेक लिटर पाणी पितो, म्हणजे एका बैलाला चौदा किलो भुकटी. जोडीला अठ्ठावीस. मग गाय, वासरं, माणसं. पहिला पदार्थ झिर्कोनियमचा होता, तो महाग. नंतर ॲल्युमिनियमचा केला, तो स्वस्त पडतो. तत्त्व पक्कं आहे, अडलंय ते किलोत आणि रुपयांत. असं अडलेलं कधी ना कधी सुटतं, सौर पॅनलचंही तसंच झालं होतं. आमच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांतला गाळ मात्र आजच काढता येतो, हेही मी सांगितलं. त्यावर कुणी काही बोललं नाही.

सौर पॅनलवरून आठवलं. सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट नावाच्या पदार्थाचा पातळ थर चढवलेल्या सेलने २०२४ मध्ये ३४.६ टक्के ऊन विजेत बदलून दाखवलं. २००९ मध्ये नुसत्या पेरोव्हस्काइटचा पहिला सेल झाला तेव्हा आकडा होता ३.८. पण या थराला ओल सोसत नाही आणि उष्णताही. ब्रह्मपुरीचा पारा ४६-४७ ला जातो आणि जूनमध्ये लगेच धो धो पाऊस. त्याची खरी परीक्षा आमच्याच छपरावर होईल, प्रयोगशाळेतला आकडा घेऊन मी काय करू?

धानाचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण आमचा हा पट्टा धानाचा. आमच्याच तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे जेमतेम तिसरी शिकलेले. १९८३ मध्ये त्यांना आपल्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, पुन्हा लावल्या, पुन्हा निवडल्या. असं वर्षानुवर्षं चाललं आणि त्यातून निघाला तो बारीक तांदूळ. तेव्हा ज्या घड्याळांचा बोलबाला होता त्यांचं नाव एका व्यापाऱ्यानं त्याला दिलं: एचएमटी. दादाजी २०१८ मध्ये गेले. निसर्गाच्या हातून एखादं अक्षर चुकतं आणि ज्याला नजर आहे तो माणूस ती चूक उचलून ठेवतो.

४ मे २०२५ ला दिल्लीत धानाचे दोन नवे वाण जाहीर झाले. त्यात तीच चूक माणसानं ठरवून, जिथं हवी तिथं केलेली आहे. त्यातला हैदराबादचा डीआरआर धान १००, म्हणजे ‘कमला’, सांबा मसुरी या वाणापासून केलाय. त्यात दुसऱ्या जीवाचा जीन घातलेला नाही, धानाचाच एक जीन क्रिस्परनं, म्हणजे जीन हव्या त्या जागी कापायच्या तंत्रानं, दुरुस्त केलाय. लोंबीला दाणे जास्त लागतात आणि पीक १५ ते २० दिवस आधी हाती येतं, असं सांगतात. धान लावणाऱ्याला या वीस दिवसांची किंमत सांगावी लागत नाही. भारी, म्हणजे उशिरा निघणाऱ्या, धानाला शेवटचं पाणी कमी पडतं, तलावाच्या पाळीवरून भांडणं होतात ती त्याच दिवसांत. हे विज्ञानात अडलेलं नाही. बियाणं वाढवण्यात आणि क्रिस्परच्या पेटंटांच्या कागदांत आहे. कागदात अडलेलं किती दिवस अडेल हे सातबाऱ्यावर फेरफार करून घेतलेल्या कुणालाही विचारा.

काही गोष्टी तर येऊन गेल्या आणि कळलंही नाही. २०२५ च्या खरिपात केंद्राच्या कृषी खात्यानं १३ राज्यांतल्या ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मान्सूनचा अंदाज मोबाइलवर पाठवला. तो काढायला कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेलं वापरली होती. त्या वर्षी मान्सून केरळात २४ मेलाच आला आणि पुढं येऊन थबकला. तो थबकणार हे त्या संदेशांत आधी आलं होतं. पहिल्या सरीला भुलून पऱ्हे टाकायचे की नाही, एवढाच प्रश्न असतो माणसापुढं. तो संदेश कंपनीच्या जाहिरातींच्या ढिगात अडकू शकतो, ही अडचण मात्र कुठल्या मॉडेलला सुटणार नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय ते.

पंधराएक वर्षांपूर्वी नववीत माझ्या वर्गात एक मुलगी होती. हिवाळा आला की आठ-आठ दिवस गायब. आली की पायरीवर बसून राहायची, हातपाय दुखतात म्हणायची. मी तिच्या प्रगतिपुस्तकावर लिहिलं, ‘अनियमित, आळशी’. पुढं शाळेत रक्ततपासणीचं शिबिर झालं. तिच्या रक्ताचा थेंब टाकला आणि नळीतलं द्रावण गढूळ झालं. पुढची तपासणी झाली, कागद आला: एसएस. सिकलसेल. म्हणजे दोष दोन्हीकडून आलेला. आई-बाप दोघंही एएस, नुसते वाहक, दोघांनाही पत्ता नाही.

त्या रात्री मी स्वतःसाठी पहिल्यांदा हा आजार वाचला. लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये याला रेणूचा आजार म्हटलं. १९५० च्या दशकात व्हर्नन इन्ग्रॅम यांनी रेणूत नेमकं काय बिघडलं ते दाखवलं. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ दुवे, त्यांतला फक्त सहावा बदललेला. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. आमच्या भागात ‘पाणी’चं ‘पानी’ होतं, तरी तहान भागते. इथं एका अक्षरानं लाल पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकून बसते. दुखणं त्याचं असतं.

मॅक्स पेरुट्झ यांनी हिमोग्लोबिनचा आकार शोधायला १९३७ मध्ये सुरुवात केली, चित्र हाती आलं १९५९ मध्ये. आज अल्फाफोल्ड या संगणकी प्रोग्रामनं वर्तवलेले २० कोटींहून जास्त प्रथिनांचे आकार कुणालाही फुकट पाहता येतात. त्या कामासाठी हसाबिस आणि जंपर यांना २०२४ च्या नोबेलचा वाटा मिळाला. पेरुट्झचं ते प्रथिन मी टपरीवरच्या पोराला त्याच्याच मोबाइलवर बोटानं फिरवून दाखवलंय. ते आपल्याकडं कधी आलं? ज्या दिवशी जगात आलं, त्याच दिवशी. रेंज असली की झालं.

उपचाराचं असं नाही. आईच्या पोटात असताना आपलं हिमोग्लोबिन वेगळं असतं आणि त्यात हा दोष नसतो. जन्मानंतर शरीर त्याला ब्रेक लावतं. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेली कॅसजेव्ही ही क्रिस्पर-चिकित्सा तोच ब्रेक सैल करते. रुग्णाच्या मूळपेशी बाहेर काढायच्या, त्यांत कापाकापी करायची, आणि परत घालण्याआधी कडक केमोथेरपीनं अस्थिमज्जा रिकामी करायची. चाचणीत पुरेसा काळ पाहिलेल्या ३१ पैकी २९ रुग्णांना सलग किमान वर्षभर दुखण्याचा मोठा झटका आला नाही. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर, तेव्हाच्या भावानं अठरा कोटी रुपयांच्या वर.

आणि हायड्रॉक्सियुरिया नावाची साधी कॅप्सूल आहे, कितीतरी जुनी. तीही तेच पोटातलं हिमोग्लोबिन वाढवते. तेवढं नाही, सगळ्यांना सारखं नाही, आणि रक्त तपासत राहावं लागतं. पण अठरा कोटींचं औषध ज्या दारावर धक्का देतं, त्याच दारावर ही टकटक करते. हे कळलं त्या दिवशी मी टपरीवर जरा मोठ्यानंच बोललो.

ती मुलगी आता गावात शिलाईचं काम करते. डिसेंबरात बुधवारच्या बाजाराला आली तेव्हा मोबाइल पुढं केला. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेनं नोव्हेंबर २०२५ मध्ये देशी क्रिस्पर-चिकित्सा जाहीर केली होती, बिरसा मुंडांच्या नावानं, ‘बिरसा १०१’. तंत्र पुण्याच्या सीरमकडं दिलंय.

“गुरुजी, हे कुठं अडली?”

मी सांगितलं की आधी माणसांवर चाचण्या व्हायच्या, मग ते करू शकणारी इस्पितळं हवीत, मग खाटा. ती ऐकत होती. मग पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाली, “आणि माही कॅप्सूल? दोन महिन्यापासून नाही भेटून राहिली. थे कुठं अडली?”

ते मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या गाडीनं दोघं दवाखान्यात गेलो. औषधं देणाऱ्या बाबूनं आधी ‘वरून येत नाही’ म्हटलं. मी बाकावर बसतो तसा तिथं बसून राहिलो. शेवटी त्यानं टेबलाचा खण उघडला. मागणीचा कागद आतच होता. भरलेला, सही-शिक्क्यासकट. पाठवायचा राहून गेला होता.