आधी अर्थिंग, मग पॉवर कंडिशनर

पॉवर अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे हात घालून एक वायर चाचपडत होते, तेवढ्यात मनगट त्याच्या पत्र्याला लागलं आणि हातात बारीक झिणझिण्या आल्या. शॉक म्हणावा इतका जोर नव्हता. मुंगी चावल्यासारखं काहीतरी. पण दहाच मिनिटांपूर्वी मी टीव्ही, होम थिएटरचा रिसीव्हर, अ‍ॅम्प्लिफायर, प्लेअर असं सगळं नव्या पॉवर कंडिशनरला, म्हणजे वीज गाळून आणि उसळीपासून सांभाळून उपकरणांना देणाऱ्या पेटीला, जोडलं होतं आणि त्याआधी हे कधीच जाणवलं नव्हतं. कंडिशनरवरचा हिरवा दिवा मात्र शांतपणे जळत होता. त्यावरून मी ‘सगळं ठीक आहे’ असं धरून चालले होते. नंतर माहितीपुस्तिका नीट वाचली, तेव्हा कळलं की तो दिवा आतलं सर्ज संरक्षण, म्हणजे व्होल्टेजच्या अचानक उसळीपासूनचं संरक्षण, शाबूत आहे एवढंच सांगतो. भिंतीतल्या अर्थिंगबद्दल तो काहीच सांगत नाही.

मल्टिमीटर काढला आणि शेजारच्या सॉकेटवर मोजलं. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३२ व्होल्ट, म्हणजे बरोबर. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तितकेच दिसायला हवेत, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये जेमतेम एक-दोन. मला दिसले ११८ आणि ११४. २३२चे जवळजवळ दोन सारखे भाग! मेन बंद केला आणि वायरमन काकांना बोलावलं.

त्यांनी बोर्ड उघडला, मागच्या जंक्शन बॉक्सपर्यंत वायर तपासली आणि म्हणाले, “ताई, हिरवी वायर आहे, पण ती पुढे कुठेच जात नाही.”

हे असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. कंडिशनरच्या फिल्टरमध्ये फेजपासून अर्थपर्यंत एक आणि न्यूट्रलपासून अर्थपर्यंत एक असे दोन छोटे, सारखे कपॅसिटर असतात. विजेच्या तारांवरून येणारी उच्च वारंवारतेची खरखर जमिनीकडे वळवून लावणं हे त्यांचं काम. जमीनच जोडलेली नसेल, तर हे दोन कपॅसिटर व्होल्टेज निम्मं-निम्मं वाटून घेतात आणि मधल्या टोकाला, म्हणजे अर्थच्या पिनेला जोडलेला प्रत्येक पत्रा साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. त्यातून वाहणारा करंट फार थोडा असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण उद्या एखाद्या उपकरणात खरोखरच फेजची वायर पत्र्याला टेकली, तर करंटला परत जायला वाट नसते, एमसीबी (जास्त करंट वाहिला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही आणि पूर्ण २३० व्होल्ट त्या पत्र्यावर वाट पाहत बसतात. कंडिशनरने माझ्या घरात दोष निर्माण केला नव्हता. आधीपासून असलेला दोष फक्त माझ्या मनगटापर्यंत आणून पोचवला होता.

काकांनी मुख्य अर्थिंगपासून त्या बोर्डापर्यंत नवी हिरवी वायर ओढली. मग मोजलं: फेज-अर्थ २३१, न्यूट्रल-अर्थ १. त्यानंतरच मी कंडिशनर पुन्हा लावला.

सर्ज संरक्षणाचीही हीच गोष्ट आहे. आपण २३० म्हणतो, पण साइन लहरीचं शिखर सुमारे ३२५ व्होल्टचं असतं. त्याच्या बऱ्याच वर उसळी आली की कंडिशनरमधले व्हॅरिस्टर वाहू लागतात आणि ती ऊर्जा बाजूला वळवतात. फेज-न्यूट्रलमधली उसळी ते अर्थिंगशिवायही थोपवू शकतात. पण जी उसळी दोन्ही तारांवर एकत्र येते, तिला नेऊन सोडायला जमीनच लागते. शिवाय व्हॅरिस्टर झिजतात. प्रत्येक मोठ्या धक्क्याबरोबर त्यांचं थोडं आयुष्य जातं. म्हणून तो हिरवा दिवा अधूनमधून बघायचा आणि विझला की कंडिशनर बदलायचा किंवा दुरुस्त करून घ्यायचा. पुढचं उपकरण चालू आहे म्हणजे संरक्षणही चालू आहे असं नसतं.

मग जोडणी. या वेळी आधी कागद घेतला आणि प्रत्येक उपकरणाच्या मागच्या पट्टीवर लिहिलेले वॉट उतरवून काढले. रिसीव्हर ४८०, पॉवर अ‍ॅम्प्लिफायर ६००, सबवूफर ३००, टीव्ही १६०, बाकी किरकोळ मिळून ६०. एकूण १६००, म्हणजे २३० व्होल्टवर साधारण ७ अँपिअर. कंडिशनर १० अँपिअरचा आहे, तेव्हा बसतं. इथे रिसीव्हरच्या जाहिरातीतले स्पीकरचे वॉट धरू नका. मागच्या पट्टीवर वीज किती लागते तो आकडा वेगळा असतो आणि कामाचा तोच.

ही बेरीज बरोबर असूनही अ‍ॅम्प्लिफायर सुरू केला की कधीकधी एमसीबी पडायचा. कारण त्यातला मोठा टोरॉइडल (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर आणि त्यामागचे रिकामे कपॅसिटर. सुरू होण्याच्या क्षणी ते काही मिलिसेकंदांपुरता नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतात. सगळी उपकरणं एकाच बटनावर एकदम सुरू केली, तर हे धक्के एकमेकांत मिसळतात. माझ्या कंडिशनरमध्ये सॉकेटचे तीन गट आहेत आणि प्रत्येक गट काही सेकंदांच्या अंतराने सुरू करता येतो. आता आधी टीव्ही आणि प्लेअर, मग रिसीव्हर, सगळ्यात शेवटी अ‍ॅम्प्लिफायर आणि सबवूफर. बंद करताना उलट क्रम. यात आणखी एक सोय झाली. बाकीची उपकरणं जागी होताना स्पीकरमधून जो ‘धप्प’ यायचा, तो गेला, कारण तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर झोपलेलाच असतो. सेट-टॉप बॉक्स मात्र कायम चालू राहणाऱ्या सॉकेटवर ठेवला आहे, नाहीतर ठरवून ठेवलेलं रेकॉर्डिंग होत नाही.

अ‍ॅम्प्लिफायर कंडिशनरला जोडावा की थेट भिंतीला, यावर लोक तावातावाने बोलतात. माझं मत असं: काही स्वस्त फिल्टरमध्ये ओळीत बसवलेलं कॉइल लहान असतं आणि मोठ्या आवाजाच्या क्षणी ते खरोखर आड येऊ शकतं. पण कंडिशनरवर जास्त करंटसाठी वेगळी सॉकेट दिलेली असतील, तर अ‍ॅम्प्लिफायर तिथेच लावावा. थेट भिंतीला लावला तर आवाजात काही कमावण्याआधी संरक्षण गमावतो. आणि कंडिशनरला एक्स्टेंशन बोर्ड, त्याला आणखी एक बोर्ड, अशी आगगाडी अजिबात करू नये. प्रत्येक ढिल्या सांध्यात उष्णता असते.

इतकं करून संध्याकाळी बसलो तर सबवूफरमधून घूंऽऽऽ. संथ, सलग, ५० हर्ट्झचा. बाबांना ऐकू कमी येतं, तरी त्यांनी विचारलं, “हे काय गुणगुणतंय गं?”

सबवूफर खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि लांब पडतो म्हणून सुरुवातीला मी तो तिथल्याच वेगळ्या सॉकेटवर ठेवला होता. आवाजाचं मूळ शोधायला एकेक वायर काढत गेले. सबवूफरची सिग्नलची वायर काढली, घूं बंद. ती परत लावून सेट-टॉप बॉक्सची केबल काढली, तरीही बंद! म्हणजे ग्राउंड लूप. केबलमधलं धातूच्या जाळीचं आवरण कुठेतरी बाहेर जमिनीला जोडलेलं, सबवूफर त्याच्या तीन पिनांच्या प्लगमधून दुसऱ्या ठिकाणी जोडलेला. दोन्ही जमिनींच्या पातळीत किंचित फरक, आणि तो फरक सिग्नलच्या वायरच्या आवरणातून वाहताना ऐकू येत होता. कितीही भारी कंडिशनर आणला तरी हा आवाज तो गाळू शकत नाही, कारण तो विजेच्या फेजमधून येतच नाही.

एका ओळखीच्यांनी सांगितलं, “सबवूफरच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाक, लगेच थांबेल.” थांबेल, हे खरं आहे. पण त्या पिनेचं काम काय असतं, हे मी नुकतंच मनगटावर अनुभवलं होतं. कृपा करून कुणीही हे करू नका. आवाज घालवायला दुसरे उपाय आहेत.

मी सबवूफरची वायर भिंतीच्या कडेने आणून कंडिशनरलाच जोडली, म्हणजे सगळ्यांची जमीन एकाच ठिकाणी आली. केबलही कंडिशनरवरच्या तिच्यासाठीच्या जोडणीतून फिरवून घेतली, म्हणजे तिचं आवरणही त्याच अर्थला आलं. घूं बराच कमी झाला. उरलेला केबलवर एक आयसोलेटर, म्हणजे सिग्नल पुढे जाऊ देऊन जमिनीची जोडणी तोडणारा छोटा तुकडा, बसवल्यावर गेला. तुमच्याकडे डिश असेल तर मात्र आयसोलेटर घेताना जपा. डिशवरच्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या छोट्या डब्याला, त्याच केबलमधून १३ किंवा १८ व्होल्टचा डीसी पुरवठा जातो, आणि पुष्कळ आयसोलेटर डीसी अडवतात. मग घूं जातो आणि चित्रही जातं.

केबल फिरवून घेण्याचं दुसरं कारण याहून महत्त्वाचं आहे. विजेची उसळी फक्त विजेच्या तारेतून येत नाही. ती केबलमधून सेट-टॉप बॉक्समध्ये शिरते आणि एचडीएमआयवरून रिसीव्हर, टीव्ही असं पुढे सरकते. एकमेकांना वायरने जोडलेल्या उपकरणांपैकी एकजरी कंडिशनरच्या बाहेर राहिलं, तरी बाकीच्यांचं दार उघडं राहतं.

चित्र किंवा आवाज सुधारला का? मी कंडिशनर लावून आणि काढून, तोच प्रसंग त्याच आवाजावर अनेकदा पाहिला. चित्रात मला काडीचाही फरक दिसला नाही. रंग खुलल्याचं कुणी सांगितलं तर माझा विश्वास बसणार नाही. एक गोष्ट मात्र नक्की बदलली: फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना स्पीकरमध्ये जो ‘टक्’ यायचा, तो आता येत नाही. बाबा शांत संवादांचे प्रसंग पुढे सरकून, एक कान स्पीकरकडे करून ऐकतात. त्या मधल्या ‘टक्’ने ते दर वेळी दचकायचे. माझ्यासाठी एवढा बदल पुष्कळ आहे.

एक दार अजून उघडंच आहे. राउटरकडून येणारी इथरनेटची वायर सरळ टीव्हीत जाते, आणि माझ्या कंडिशनरवर तिच्यासाठी जोडणी नाही. इथरनेटचा वेगळा सर्ज प्रोटेक्टर मागवला आहे, तो त्याच अर्थला जोडायचा आहे. तोपर्यंत ढग गडगडायला लागले की ती वायर मी हाताने काढून ठेवते.