हिरव्याचा दुसरा हात

रविवार, रात्री साडेदहा

आज व्हॅनवॉलला, म्हणजे जुन्या ब्रिटिश रेसिंग गाडीच्या माझ्या छोट्या मॉडेलला, हिरव्याचा दुसरा हात मारला आणि तिथेच थांबलो. कॉकपिटच्या मागे शेपटीचा उतार सुरू होतो, तिथे रंग धरेना. मसुराएवढ्या दोन जागांवरून तो बाजूला सरकला आणि मधे खालचा करडा प्रायमर उघडा पडला.

मिरजेला काकांना व्हिडिओ कॉल लावला. काकांची सगळी उमर गॅरेजमध्ये टेम्पो-ट्रक रंगवण्यात गेली. फोन बॉडीजवळ नेऊन दाखवला. त्यांनी एकच विचारलं, "प्रायमरनंतर पुसून घेतलं होतंस का रे?" घेतलं नव्हतं. दुपारी चासीच्या मागच्या अ‍ॅक्सलला तेल दिलं आणि त्याच हातांनी बॉडी उचलली, हे तेव्हा आठवलं. "मग तेल लागलंय त्याला. आता वरून कितीही हात मार, तिथे बसणार नाही. ठेव खाली."

ठेवली खाली. वाईट वाटलं, कारण या गाडीवर दोन महिने गेलेत.

ही १:३२ मापाची स्लॉट कार. ट्रॅकवरच्या खाचेत तिचा गाइड, म्हणजे खालची दिशा देणारी पट्टी, बसतो, दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांतून वीज मिळते, आणि वेग आपल्या हातातल्या कंट्रोलरवर. बॉडी रेझिनची. सिलिकॉनच्या साच्यात पातळ पॉलियुरेथेन ओतून केलेली, छोट्या प्रमाणावर हे काम करणाऱ्या एका माणसाकडून घेतलेली. साच्यातून सुटावी म्हणून लावलेला तेलकट थर तिच्यावर असतोच, म्हणून पहिल्या दिवशी कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश. मग आतून घासून भिंती पातळ केल्या, २६ ग्रॅमची २१ वर आणली. वर वजन जास्त झालं की गाडी वळणावर कलंडते. रेझिनची भुकटी फार बारीक, छातीत जायला नको, म्हणून मास्क लावून आणि पाण्याचा पेपर ओला ठेवूनच घासायचं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांनी. वरून ठिपका दिसतो, पण आतला हवेचा बुडबुडा त्याहून मोठा असतो. वरवर पुट्टी फिरवली तर ती तोंडाशीच अडकते आणि रंगाच्या वेळी पुन्हा खड्डा उघडतो. म्हणून आधी बारीक ड्रिलने भोक मोठं करायचं, आतली भुकटी काढायची, मग भरायचं. अशी चौदा भोकं भरली. दाताची कीड साफ करून सिमेंट भरतात, तसंच हे. आणि ही गाडी ज्याची, तो रेसिंग ड्रायव्हर टोनी ब्रूक्स शिकलेला दंतवैद्य होता! भोकं भरताना मला त्याची सारखी आठवण येत होती.

२० जुलै १९५७, लिव्हरपूलजवळच्या एनट्री (Aintree) ट्रॅकवरची ब्रिटिश ग्राँप्री, फॉर्म्युला वनची शर्यत. ब्रूक्सची फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीत झालेल्या अपघातातली दुखापत अजून पुरती बरी नव्हती. त्याच्याच टीममधल्या स्टर्लिंग मॉसची गाडी बिघडली, तेव्हा ब्रूक्सने आपली २० नंबरची व्हॅनवॉल त्याला दिली. मॉस नवव्या जागेवरून वर आला आणि जिंकला. जिंकल्याची नोंद दोघांच्या नावावर आहे. पुढच्या वर्षी पहिलीच कन्स्ट्रक्टर्स चॅम्पियनशिप, म्हणजे गाड्या बनवणाऱ्यांची स्पर्धा, व्हॅनवॉलने घेतली. मालक टोनी वँडरव्हेल यांचा बेअरिंगचा कारखाना इथे पश्चिम लंडनमध्येच, अ‍ॅक्टनला होता. माझ्या घरापासून बसने जाण्याइतकं ते ठिकाण जवळ.

बॉडीचा आकार फ्रँक कॉस्टिनचा. तो विमानांच्या कारखान्यातला माणूस, त्यामुळे वाऱ्याला अडेल असं बाहेर काही ठेवलेलं नाही. नाकापासून शेपटीपर्यंत एकच गुळगुळीत चढ-उतार, आणि बॉनेटवर हवेसाठी पृष्ठभागातच खोल जाणारी एक निमुळती खाच. मला या गाडीत सगळ्यात सुंदर वाटते ती ही खाच. तिच्या कडा धारदार राहिल्या तरच ती खाच दिसते. रंगाचा थर जाड झाला की कडा बुजतात आणि साबणावर बोट दाबल्यासारखी ती दिसायला लागते.

म्हणूनच डाग तेवढेच घासून वरून पुन्हा मारायचं मनात आलं होतं, ते सोडून दिलं. शेपटीला चार हात आणि नाकाला दोन, असं मला चालणार नाही. सगळा रंग काढायचा. बॉडीच्या आतल्या बाजूला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पाहिलं, रेझिनला काही झालं नाही. मग सगळी बॉडी डब्यात बुडवली. तासाभराने टूथब्रशने हिरवा निघाला, त्याच्याबरोबर प्रायमरही. चौदाही भोकं जागच्या जागी भरलेली दिसली, तेवढं समाधान.

रंग तोच, तामिया कंपनीचा टीएस-९ हा हिरवा स्प्रे. एवढ्याशा गाडीवर तो जरा काळपट वाटतो खरा, पण उन्हात धरल्यावर त्यातला हिरवा नीट उजळतो, आणि मला तसाच हवाय. या वेळी डबा कोमट पाण्यात ठेवून, फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. तीन पातळ हात. पहिला तर इतका विरळ की खालचा करडा दिसत राहिला पाहिजे. शेडमध्ये नाही मारणार, परवापासून पाऊस आहे आणि दमट हवेत हा लॅकरचा रंग पांढुरका पडतो. मग आठवडाभर हात लावायचा नाही. नाक जवळ नेऊन वास येईनासा झाला की पांढरे २० नंबर चिकटवायचे, त्यावर क्लिअरचा पारदर्शक हात. समोरची पारदर्शक काच सगळ्यात शेवटी, आणि ती पांढऱ्या गोंदानेच. सुपरग्लूच्या वाफेने काच धुरकट होते.

बॉडी आता टॉवेलवर पालथी वाळते आहे. हातमोज्यांचं पाकीट रंगाच्या डब्याला रबरबँडने बांधून ठेवलं. तेलाची बाटली उचलून दुसऱ्या खोलीत नेली.