दोन डॉलरची नोंद

तर झालं असं की गेल्या वर्षी माझं पित्ताशय काढलं. ऑपरेशन पाऊण तासाचं, दुखणं चार दिवसांचं, पण बिलं मात्र दोन महिने येत राहिली, कारण इथे अमेरिकेत ती एकत्र येतच नाहीत, हॉस्पिटलचं वेगळं, सर्जनचं वेगळं आणि भूल देणाऱ्यांचं त्याहून वेगळं, ते पण मिनिटांच्या हिशोबाने. ते तिसरं बिल मी फोटो काढून ताईला पाठवलं. ताई नाशिकला भूलतज्ज्ञ आहे, पंचवीस वर्षं झाली. तिचा रिप्लाय आला, "बघ, निदान तुमच्याकडे आमचं वेगळं बिल तरी होतं. इथे पेशंटला सर्जनचं नाव तोंडपाठ आणि मला विचारतात, सिस्टर, डॉक्टर कधी येणार?" आणि खाली अजून एक ओळ, "जॉर्जियात राहतोस ना, मग जेफरसनला जाऊन ये एकदा. भुलेचं पहिलं बिल तिथलं आहे. दोन डॉलर."

मी अटलांटाच्या उत्तरेला राहतो, जेफरसन गाडीने तासाभरावर. दहा वर्षं त्या एक्झिटवरून जातोय, कधी वळलो नव्हतो. एका रविवारी गेलो तर म्युझियम बंद! (रविवारी जाऊ नका, आधी वेबसाइट बघा, माझ्यासारखं करू नका.) पुढच्या शनिवारी परत गेलो. गाव छोटं, चौक, जुनी दुकानं, आणि जिथे ते दोन डॉलरचं बिल करणाऱ्या डॉ. क्रॉफर्ड लाँगचा दवाखाना होता त्याच जागी हे म्युझियम. तेव्हापासून मी या माणसाच्या कागदपत्रांच्या मागे लागलोय, बायको म्हणते पित्ताशय गेलं आणि लाँग आला.

माणूस थोडक्यात सांगतो. जन्म १८१५, जॉर्जियातलंच डॅनियल्सव्हिल गाव. कॉलेज अथेन्सला, म्हणजे ग्रीसमधलं नाही, जॉर्जियातलं. डॉक्टरकी फिलाडेल्फियाला, १८३९. मग न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलांत दीड वर्ष हात बसवला आणि १८४१ साली जेफरसनला येऊन खेड्यातली प्रॅक्टिस सुरू केली. वय पंचवीस-सव्वीस.

आता कागद. यातला मला सगळ्यात आवडलेला कागद वैद्यकीय नाहीच, ती चक्क मित्राला लिहिलेली चिठ्ठी आहे, १ फेब्रुवारी १८४२ ची. अथेन्सच्या बॉब नावाच्या मित्राला लाँग लिहितो की बाबा तुला त्रास देतोय, माझ्याकडचं ईथर (हुंगलं की गुंगी आणणारं द्रव) पार संपलंय, उद्या रात्रीपर्यंत थोडं पाठव, कारण गावात काही मुली आल्यात आणि त्यांना ईथर घेतलेला माणूस बघायचाय, आणि त्यांच्यासमोर ईथर हुंगून दोन-चार गोड पापे मिळवण्यासारखा आनंद दुसरा कुठला! हे मी माझ्या शब्दांत सांगतोय पण मजकूर हाच. त्या काळी ईथर हुंगून धिंगाणा घालायच्या पार्ट्या चालायच्या, तरुण पोरं हुंगायची, हसायची, धडपडायची. लाँगकडे पोरांनी आधी लाफिंग गॅस मागितला होता, तो म्हणाला गॅस करायची साधनं माझ्याकडे नाहीत पण ईथर आहे, तेवढीच मजा येते. सल्फ्युरिक ईथर म्हणायचे त्याला, त्यात गंधक औषधालाही नाही, गंधकाचं ॲसिड घालून अल्कोहोलपासून बनवतात म्हणून ते नाव चिकटलं.

पण हा पोरगा धिंगाण्यातही बघत होता. दुसऱ्या दिवशी अंगावर खरचटलेलं दिसायचं, काळंनिळं दिसायचं, आणि हे कधी लागलं ते त्याला आठवायचं नाही. मित्र धाडकन आपटायचे, त्यांना विचारलं तर म्हणायचे काही दुखलं नाही. आपण सगळ्यांनी पार्ट्या बघितल्यात हो, दुसऱ्या दिवशी गुडघ्यावरची जखम बघून आपण म्हणतो जरा जास्तच झाली काल. हा म्हणाला, मग कापताना का नाही द्यायचं?

जेम्स व्हेनेबल नावाचा गावातलाच एक तरुण. मानेवर मागे दोन गाठी. काढून टाकायच्या म्हणायचा आणि सुरीच्या भीतीने पुढे ढकलायचा. तो पण ईथर पार्ट्यांतला गडी. ३० मार्च १८४२ ला लाँगने टॉवेलवर ईथर ओतून त्याला हुंगायला दिलं, तो गुंगल्यावर एक गाठ काढली, आणि शुद्धीवर आल्यावर व्हेनेबलला पटेचना की काम झालंय, तेव्हा ती गाठ त्याला दाखवावी लागली. गाठ केवढी, तर अर्धा इंच.

आणि आता ते बिल. लाँगच्या हिशोबाच्या वहीत व्हेनेबलच्या नावावर असं लिहिलंय: २८ जानेवारी, ईथर, २५ सेंट. ३० मार्च, ईथर आणि गाठ काढणे, २ डॉलर. १३ मे, ईथर, २५ सेंट. ६ जून, गाठ काढणे, २ डॉलर.

जरा थांबून बघा हे. आधीचं २५ सेंटचं ईथर पार्टीचं, मधलं इतिहासातलं, मग परत पार्टीचं, सगळं एकाच खात्यावर एका ओळीखाली एक. आपल्याकडे वाण्याच्या वहीत साखर, रॉकेल, खोबरं लिहितात तसं. मला या वहीवर जास्त विश्वास वाटतो तो एवढ्याचसाठी, कारण लिहिणाऱ्याला त्या दिवशी फक्त उधारी लक्षात ठेवायची होती. नंतर त्याने साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं गोळा केली, व्हेनेबलचं, तिथे हजर असलेल्यांचं, ती पण महत्त्वाची आहेत, पण ती सिद्ध करायला म्हणून केलेली. वही तशी नाही.

सिद्ध का करावं लागलं? कारण पठ्ठ्याने छापलंच नाही! मराठीत भूल म्हणजे भूल पण आणि चूक पण, लाँगच्या खात्यावर दोन्ही जमा. १८४६ च्या १६ ऑक्टोबरला बॉस्टनमध्ये मॉर्टन नावाच्या डेंटिस्टने मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात सगळ्यांसमोर ईथर देऊन दाखवलं, मोठ्या सर्जनने गाठ काढली, जगभर बातमी. पाच महिन्यांत कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात ईथर देऊन ऑपरेशन झालं, मार्च १८४७, यावरून काय ते समजा. मॉर्टनने तर त्याला लेथिऑन नाव देऊन पेटंट पण घेतलं. मग जॅक्सन नावाचा केमिस्ट म्हणाला आयडिया माझी, वेल्स नावाचा दुसरा डेंटिस्ट म्हणाला लाफिंग गॅस मी आधी वापरला, आणि या भांडणाने त्या तिघांची पार वाट लागली, वेल्सने तर १८४८ मध्ये जीवच दिला. ते सगळं सांगत बसलो तर वेगळी पोस्ट होईल.

लाँगने लेख लिहिला डिसेंबर १८४९ मध्ये, ऑगस्टाच्या एका मेडिकल जर्नलमध्ये. साडेसात वर्षांनी! इतका उशीर का, तर त्याचं म्हणणं असं की मला खात्री करायची होती. तेव्हा मेस्मेरिझमचं फॅड होतं, हातवारे करून, गुंगवून दुखायचं थांबवतो म्हणणारे होते, मग व्हेनेबलला दुखलं नाही ते ईथरमुळे की त्याच्या मनाच्या समजुतीमुळे, की त्याला मुळातच कमी दुखतं? खेड्यात ऑपरेशनं किती, वर्षाला एखाद-दुसरं. म्हणून थांबलो. हे वाचून मला तो माणूस फार आवडला, खरं सांगतो. आजच्या दिवसात दोन पेशंट बरे झाले की लोक व्हिडिओ टाकतात.

आणि मग त्याच लेखात पुढचा परिच्छेद आला आणि मी लॅपटॉप बंद करून बाहेर चक्कर मारून आलो.

तो लिहितो की ईथरची ताकद तपासता येईल अशा दोन केसेस मला सुदैवाने मिळाल्या. सुदैवाने, हा शब्द त्याचा. पहिल्या पेशंटच्या तीन गाठी एकाच दिवशी काढल्या, ईथर फक्त दुसऱ्या गाठीला दिलं, त्या वेळी दुखलं नाही, पहिल्या आणि तिसऱ्याला भयंकर दुखलं. दुसरी केस एका काळ्या मुलाची, त्याची दोन बोटं कापायची होती. एका बोटाला ईथर दिलं, दुसऱ्याला दिलं नाही. एकाला त्याला कळलं नाही, दुसऱ्याला वेदना झाल्या. बस. एवढंच, एका वाक्यात.

विज्ञान म्हणून बघाल तर चोख आहे हो. तोच माणूस, तोच हात, तोच डॉक्टर, फरक फक्त ईथरचा. समजुतीचा मुद्दा निकालात. पण तो मुलगा गुलाम होता. आणि डॉक्टरच्या हातात टॉवेल होता, बाटली होती, दुसरं बोट न दुखता कापता येतं हे त्याला तीन वर्षं माहीत होतं.

याच लेखात १८४२ च्या ३ जुलैची अजून एक केस आहे, ईथर दिलेलं तिसरं ऑपरेशन, एका गुलाम मुलाच्या पायाचं बोट कापलं, त्याला ईथर दिलं होतं, दुखलं नाही. तिथे मालकिणीचं नाव आहे. तिचं घर जेफरसनपासून ९ मैलांवर आहे हेही आहे. मुलाचं नाव लेखात नाही. व्हेनेबलच्या २५ सेंटच्या पार्टीची तारीख आपल्याला माहितीय बरं का.

हे मी ताईला पाठवलं. तिने नुसतं बघितलं, निळ्या टिक्स आल्या, उत्तर नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये असेल म्हणून सोडून दिलं.

तर कागदांचं पुढे काय झालं ते. लाँग नंतर अथेन्सला गेला, भावाबरोबर औषधांचं दुकान काढलं. १८५४ मध्ये जॉर्जियाच्या सिनेटरने त्याचा दावा वॉशिंग्टनमध्ये मांडला, आणि त्याच वर्षी तो बॉस्टनचा जॅक्सन स्वतः अथेन्सला येऊन लाँगचे कागद बघून गेला. एप्रिल १८६१ मध्ये जॅक्सनने बॉस्टनच्या जर्नलमध्ये लाँगच्या बाजूने पत्र छापलं, आणि नशीब बघा, त्याच महिन्यात सिव्हिल वॉर, म्हणजे गुलामगिरीवरून उत्तरेतल्या आणि दक्षिणेतल्या राज्यांचं युद्ध, सुरू झालं, साउथच्या डॉक्टरचं कोण ऐकतंय. युद्ध अंगावर आलं तेव्हा त्याने हे पुरावे काचेच्या बरणीत घालून मुलीच्या ताब्यात दिले अशी घरची आठवण सांगतात. लोणच्याच्या बरणीत म्हणे इतिहास. मॉर्टनच्या आधी, १८४२ च्याच जानेवारीत, न्यूयॉर्क राज्यातल्या क्लार्क नावाच्या माणसाने दात काढताना ईथर दिलं असंही म्हणतात, म्हणजे लाँगच्याही आधी, पण त्याच्याकडे वही नव्हती, बरणी नव्हती, त्यामुळे क्लार्कचा पुतळा नाही.

लाँगचा आहे. वॉशिंग्टनच्या कॅपिटलमध्ये प्रत्येक राज्याचे दोन पुतळे, जॉर्जियाचे दोन म्हणजे क्रॉफर्ड लाँग आणि अलेक्झांडर स्टीफन्स. दोघं कॉलेजात एका खोलीत राहायचे! स्टीफन्स पुढे फुटून निघालेल्या साउथचा उपराष्ट्राध्यक्ष झाला आणि १८६१ च्या भाषणात उघड म्हणाला की आमच्या सरकारचा पायाच गुलामगिरी आहे. एकाच इमारतीत आहेत अजून, फक्त आता खोल्या वेगळ्या आणि दोघं संगमरवरी. १९४० मध्ये लाँगचं पोस्टाचं तिकीट निघालं, किंमत दोन सेंट. दोन त्याला सोडत नाही. आणि अमेरिकेत डॉक्टर्स डे ३० मार्चला असतो तो या व्हेनेबलच्या गाठीमुळे, आपला १ जुलैचा बिधानचंद्र रॉय यांचा.

लाँगला खरी प्रसिद्धी मिळवून दिली ती १८७७ मध्ये मॅरियन सिम्स या बड्या डॉक्टरने, लेख लिहून. हे वाचून मी कपाळावर हात मारला. सिम्स म्हणजे तोच, ज्याने अलाबामात १८४५ ते १८४९ गुलाम बायकांवर ऑपरेशनमागून ऑपरेशन केलं, भूल न देता. त्यातल्या तिघींची नावं त्याने स्वतःच लिहून ठेवली, अनार्का, बेट्सी, लूसी. निदान लिहिली तरी. आणि भूल कोणी शोधली यावर न्याय करायला हा बसला.

लाँग १८७८ च्या जूनमध्ये गेला, एका बाळंतपणाला गेला असताना तिथेच कोसळला. माणूस वाईट होता असं मला म्हणता येत नाही. त्याच्या पेशंटांना तो देवमाणूस वाटत असणार. स्वतःच्या बायकोला बाळंतपणात ईथर दिलं होतं त्याने, पूर्ण, अर्धवट नाही.

ताईचा मेसेज रात्री अकराला आला, म्हणजे तिची सकाळ. लांबलचक, सुरुवातीला तर कॉमा नाही पूर्णविराम नाही. "वाचलं काल दोनदा वाचलं आमच्या सरांच्या वेळेला ओपन ड्रॉप ईथर होतं जाळीवर गॉज ठेवून थेंब थेंब टाकायचे त्यांच्या शर्टाला वास यायचा म्हणून काकू वैतागायच्या ते असो तू बोटांचं लिहिलंस ना परवा माझ्याकडे एक पोरगा आला ऊसाच्या चरकात बोट गेलेलं घाबरलेला आई बाहेर रडतेय आम्ही टेबलवर घेतलं की पहिली गोष्ट काय विचारतो माहितीये का, औषध नाही वजन नाही, नाव. स्वतःच्या तोंडाने सांगायला लावतो चेकलिस्टच आहे तशी. म्हणाला सोहम, सोहम दादा म्हणा म्हणे कारण धाकटा भाऊ आहे. मग मास्क लावला. चल दुसरी केस आत घेतलीय, जेवलास का?"