पोटोमॅककाठचं बर्फाचं पेव

वॉशिंग्टन शहरातून मेट्रोच्या यलो लाइननं हंटिंग्टन, तिथून बसनं माउंट व्हर्नन. इथं येणारे आधी जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या वाड्यात शिरतात. मी मात्र आधी नदीकडची बाजू गाठली, बर्फघरासाठी.

आपल्याकडे धान्याचं पेव असायचं, तसं हे बर्फाचं. दोघांचा वैरी एकच, साचलेलं पाणी.

२ जून १७८४ ला वॉशिंग्टन यांनी फिलाडेल्फियाचे व्यापारी रॉबर्ट मॉरिस यांना पत्र लिहिलं: साठवलेला बर्फ आत्ताच संपला, तुमचं बर्फघर कसं बांधलंय ते कळवा. वॉशिंग्टन यांनी मुख्यतः भुसभुशीत हिमच भरलं होतं. मॉरिस यांचं उत्तर १५ जूनचं, आणि ते वाचूनच इथं यावं. मॉरिस यांचा खड्डा १८ फूट खोल, १६ फूट चौरस. तळाला जाड खडी, म्हणजे पाणी मुरतं. चिकणमाती असेल तर मोरी काढावी लागते, म्हणून टेकडीचा उतार बरा. आतल्या भिंती बिनचुन्याच्या दगडी, फक्त वरचा दीड फूट चुन्यात. तळाशी लाकडी ठोकळे, त्यांवर कुंपणाच्या दांड्यांचा माच. बर्फ खडीपासून २ फूट अधांतरी राहतो. मला हा माच सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण वितळलेल्या पाण्यात बसलेला बर्फ झपाट्यानं जातो.

वरच्या फळ्यांखाली आणि छपराखाली पेंढा ठासलेला, दार उत्तरेला, बर्फ चढवा-उतरवायला त्या फळ्यांत मधोमध झडप. बर्फ बारीक फोडून धुम्मसानं ठोकायचा. नीट ठोकला तर त्याचा एकसंध दगड होतो, मग छिन्नी किंवा कुऱ्हाडच लागते. तो ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत पुरायचा. मॉरिस यांनी एका वर्षी हिम भरलं, ते मात्र जूनमध्येच संपलं. त्यात हवाच फार. वितळणं सुरू होतं ते भिंतीलगत, म्हणून भिंत आणि बर्फ यांच्यामध्ये पेंढा घालावा असंही मॉरिस सुचवतात.

पुढच्या वर्षी वॉशिंग्टन यांनी दोन ठिकाणी बर्फ भरला. जून १७८५ मध्ये उघडून पाहिलं तर तळघरातल्या विहिरीत कणही उरला नव्हता, बाहेरच्या कोरड्या विहिरीत मात्र भरपूर शिल्लक. ऐन थंडीत बर्फ फोडण्या-वाहण्याचं काम त्यांच्या मळ्यावरच्या गुलामांचं. त्यांच्या हातांशिवाय यातला एक खडाही खड्ड्यात पडला नसता, हे ध्यानात ठेवूनच आत डोकवावं.

सवड असेल तर गाडीनं अडीच तासांवरचं माँटिसेलोही जोडून घ्या. अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांचं हे घर; त्यांचं १८०२ चं बर्फघर तिथं उत्तरेकडच्या गच्चीखाली आहे. गोल खड्डा, १६ फूट खोल. पहिल्यांदा भरायला ६२ गाड्या बर्फ लागला, तोही खालच्या रिव्हाना नदीतून डोंगरावर चढवलेला. लोणी आणि मांस त्यावरच टिकायचं. १८१५ साली तो बर्फ १५ ऑक्टोबरपर्यंत पुरला.