शॅडोडार्क, सेशन 4: चहाच्या नादात मशाल गेली

रविवारी चौथं सेशन झालं एकदाचं, दादाच्या पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटवर. ज्यांनी अजून खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, शॅडोडार्क हा केल्सी डिओनचा 2023 चा, टेबलाभोवती बसून एकेक पात्र बनून खेळायचा रोलप्लेइंग गेम, वीस बाजूंचा फासा वगैरे सगळं डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) सारखंच, पण मशाल जळते खऱ्या घड्याळातला एक तास आणि अंधारात खेळाडूंच्या कुठल्याच पात्राला दिसत नाही, एल्फलाही नाही. आधी डी अँड डीत आमच्या अर्ध्या पार्टीला (म्हणजे पात्रांच्या टोळीला) अंधारात दिसायचं त्यामुळे मशाल नुसती पात्राच्या शीटवर लिहिलेली असायची, कधी कुणी पेटवल्याचं आठवत नाही.

डंजन, म्हणजे पात्रं शिरतात ते भुयार, यावेळी नाशिकच्या पांडवलेण्यांवरून घेतलं. 24 लेणी कुठली झेपतात, मी 5 खोल्या आणि पाण्याचं एक टाकं काढलं. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा ब्राह्मीतला लेख आहे ना, त्यावरून सुचलं म्हणून दारावरचा क्लू ब्राह्मी अक्षरांत लिहिला आणि अक्षरांचा तक्ता भाच्याच्या हातात दिला. चूक माझीच. पठ्ठ्या 20 मिनिटं एकेक अक्षर लावत बसला, तेवढ्यात वहिनी चहा ठेवायला उठल्या, मग मशालीचा फोनवरचा टायमर थांबवायचा का यावर दादाने वाद घातला (मी नाहीच म्हटलं, थांबवला तर मजा काय राहिली), आणि भाच्याने "दीपं" एवढं वाचलं नि फोन वाजला. अंधार.

आता अंधारात दर राउंडला (सगळ्यांची एकेक पाळी) रँडम एन्काउंटरचा, म्हणजे अचानक काही समोर येतं का याचा, फासा पडतो. दुसऱ्याच राउंडला टाक्यातून काहीतरी वर आलं. वहिनींचं पात्र प्रीस्ट, म्हणजे पुजारी, त्यांच्याकडे लाइट स्पेल, म्हणजे उजेडाचा मंत्र, फाशावर बोनस धरून अकरा हवे होते आणि फेल गेला तर विश्रांती घेईपर्यंत स्पेल गेलाच. कप तसाच डाव्या हातात, उजव्याने फासा टाकला, 9 पडले, बोनस धरून बरोब्बर 11. दादा खुर्चीवरून उठून ओरडला, खालच्या मजल्यावरून काकू बघायला आल्या.

जड फायटर (लढवय्या) बनवणाऱ्यांनो, सामानाचे स्लॉट, म्हणजे जागा, ताकदीच्या आकड्याइतके किंवा 10, जे जास्त असेल तेवढे, फायटरला वर कॉन्स्टिट्यूशनचा बोनस असला तर तो, बस, आणि प्रत्येक मशाल एक स्लॉट खाते. दादाने दोन तलवारी घेतल्यात. सांगून ऐकत नाही.

मध्ये एखादा रविवार केर्न हा असाच दुसरा गेम खेळवून बघणार आहे, त्यात वार लागला की नाही हा फासाच नाही, थेट डॅमेज. भाच्याला ते आवडेल असं वाटतंय.

सध्या शिल्लक: मशाली 2, दार अजून बंद.