तुम्ही विचारलंत म्हणून: मायचा आजार मलाही होणार का?

मायच्या आजाराचं बोलणं निघालं की हा प्रश्न येतोच, लग्नात, बचत गटाच्या मीटिंगला, फोनवर. "मायले अल्झायमर आहे, मंग तुलेबी होईन का वं? जीनची टेस्ट केली का?" तर सरळ सांगते, टेस्ट केली नाही आणि सध्या करणारही नाही.

आपल्याकडं विदर्भात रक्तातून येणारा आजार म्हटलं की सिकलसेलच आठवतो, आणि घोळ तिथंच होतो. सिकलसेलचा हिशोब पक्का आहे, मायकडून एक आणि बापाकडून एक असे दोन्ही जीन आले की रिपोर्टवर एसएस, म्हणजे आजार आहेच, आणि एकच आला तर एएस, म्हणजे वाहक. म्हणून लग्नाआधी तपासा म्हणतात ते बरोबरच आहे. अल्झायमरमध्ये ज्याचं नाव सगळे घेतात तो एपीओई जीन असा नाही वागत. त्याचे तीन प्रकार, ई२, ई३, ई४. ई४ एक असला तर धोका साधारण २-३ पट, दोन्हीकडून आला तर ८ ते १२ पट. आकडा ऐकून पोटात गोळा येतो, पण ई४ असूनही शेवटपर्यंत ठणठणीत राहणारे लोक आहेत आणि एकही ई४ नसताना आजार झालेलेही भरपूर आहेत. मग तो रिपोर्ट घरात ठेवून मी करू काय?

आला म्हणजे जवळपास होणारच असेही जीन आहेत, एपीपी, प्रेसेनिलिन १ आणि २. पण असे पेशंट १ टक्क्याहूनही कमी, आणि त्या घरांत पिढ्यानपिढ्या बहुतेक वेळा चाळिशी-पन्नाशीतच आजार दिसतो, प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता. तुमच्या घरी असं असेल तर मात्र न्यूरोलॉजिस्टला आणि जेनेटिक काउन्सेलरला, म्हणजे जीनच्या आजारांवर सल्ला देणाऱ्याला, भेटाच. आमच्या मायचं सत्तरीनंतर सुरू झालं.

माय म्हणजे कापसाच्या सीझनमध्ये कोणत्या बाईनं किती किलो वेचला हे वही न उघडता सांगणारी बाई, संध्याकाळी काट्यावर वजन झालं की आकडा डोक्यात पक्का. मग एका वर्षी तिनं एकाच बाईला दोनदा मजुरी दिली, ती बिचारी पैसे परत घेऊन आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकूचं कायतरी बिघडलं वं." पण मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचणं लक्षणं दिसायच्या १५-२० वर्षं आधीच सुरू होतं, म्हणजे ती सगळे आकडे तोंडपाठ सांगत होती तेव्हाच आत सुरुवात झालेली असणार. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्या साचण्याच्या खुणा आता पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात, मेंदूच्या पेट स्कॅनमध्ये आणि रक्तातही पकडता येतात. रक्तात पी-टाऊ २१७ नावाचं प्रथिन बघतात. अमेरिकेत मे २०२५ मध्ये अशा एका रक्ततपासणीला परवानगी मिळाली, पण ती ५५ च्या वरच्या आणि त्रास दिसत असलेल्या लोकांसाठी. धडधाकट माणसानं मनाच्या समाधानासाठी करायची ती टेस्ट नाही.

त्यापेक्षा घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं विसरणं वाढलं की "वय झालं" म्हणून सोडू नका, आधी बी१२ आणि थायरॉइड तपासा, मध्यंतरी पडून डोक्याला मार लागला होता का ते डॉक्टरला सांगा, मन उदास असतं का तेही सांगा. यातलं काही निघालं तर त्यावर इलाज होतो. भारतात साठीच्या वरच्यांत डिमेन्शियाचं, म्हणजे आठवण आणि समज ढासळत जाण्याचं (अल्झायमर त्यातलाच एक), प्रमाण ७.४ टक्के धरतात, आणि ते शहरापेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा बायांत जास्त आहे, म्हणून हे आपल्यासाठीच आहे बायांनो.

आणि जीन बदलता येत नाही पण बीपी, शुगर, बिडी-सिगारेट, कमी झालेलं ऐकू येणं हे हातातलं आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञांच्या कमिशननं २०२४ मध्ये अशी १४ कारणं सांगितली, ती सगळी आवरली तर जगातले जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतात. मी माझं बीपी सांभाळते. भाऊ मात्र "आता बरं वाटते" म्हणून गोळी सोडून देतो, त्यावरून दर फोनला आमचं भांडण होतं, आणि मी ते सोडणार नाही.